गोदावरी सुधारतेय म्हणतात. खेकड्यांना विचारलंय का?

डोंगरकोळी

नमस्कार मंडळी,

गेल्या आठवड्यात आमच्या कंपनीच्या ग्रुपवर रामकुंडाचे फोटो फिरत होते. पायरी न् पायरी दिसेल इतकं नितळ पाणी, आणि खाली ‘गोदामाई पुन्हा निर्मळ’ असं लिहिलेलं. फोटो खोटे नव्हते, पण गंगापूर धरणातून आवर्तन सुटलेलं असताना काढलेले होते. नाशकात राहणाऱ्याला पाण्याची ओढ बघूनच ते कळतं. धरणाचं पाणी नितळ असणारच. एवढ्यावरून नदी बरी झाली म्हणायचं, तर सलाईन लावलेला पेशंटही ठणठणीतच म्हणायला हवा.

मी महादेव कोळी. गाव त्र्यंबक तालुक्यात, बेझ्याच्या वरच्या अंगाला. नोकरी सातपूरला, घर अशोकनगरला. त्यामुळे धरणाच्या वरची नदी माझी आणि खालचीही माझीच. दोन्हीकडे माणसं ‘नदी सुधारली’, ‘नदी बिघडली’ असं बोलतात, पण पारखायची रीत अगदी वेगळी आहे.

माझी आजी पाण्याच्या रंगाकडे फारसं बघत नसे. ती दगड उचलून बघायची. त्याचीही पद्धत होती. आपण प्रवाहाच्या खालच्या बाजूला उभं राहायचं नाही, नाहीतर उठलेला गाळ आपल्याच अंगावर येतो आणि काही दिसत नाही. बाजूला उकिडवं बसायचं, दगडाची एक कड हळूच वर करायची, गाळ वाहून जाईपर्यंत थांबायचं आणि मग हात घालायचा. खेकडा सापडला की उलटा करून पोटाखालचं झाकण बघायचं. त्याखाली पिल्लं चिकटलेली असली की मादी परत पाण्यात. आणि दगड होता तसाच, त्याच बाजूने खाली ठेवायचा. हे शेवटचं विसरलं की पाठीत धपाटा ठरलेला. दगडाखाली खेकडा नाही, मुऱ्या मासोळ्या नाहीत, नुसत्या लाल अळ्या वळवळतायत, असं दिसलं की ती म्हणायची, ‘वर कुणीतरी काहीतरी केलंय.’ आणि बहुतेक वेळा केलेलं असायचं.

गावाच्या खाली आसरांचा डोह आहे. साती आसरांना, म्हणजे पाण्यातल्या देवतांना, हिरव्या बांगड्या, हळदकुंकू, नारळ. त्या डोहात जाळं टाकायचं नाही, कपडे धुवायचे नाहीत, ढोरं घालायची नाहीत. शहरात हे सांगितलं की लोक कौतुकाने ‘वा, किती छान श्रद्धा’ म्हणतात आणि विषय संपतो. पण उन्हाळ्यात बाकी नदी आटायची तेव्हा मासे याच डोहात तगायचे आणि वळगणीला, म्हणजे पहिल्या पावसाच्या लोंढ्याला, तिथूनच वर चढायचे. डोह राखला म्हणून वर्षभर मासा मिळायचा.

म्हणून विचारतो. शहरातल्या तुमच्या घाटावर, पुलाखाली, नाल्याशी नदी सुधारल्याची खूण कोणती? बातमी नको, स्वतः पाहिलेलं सांगा.

पंचवटीकर_मावशी

छान धागा. आमचं घर सरदार चौकातलं. आम्ही कुणीच ‘गोदावरीवर जाते’ म्हणत नाही, गंगेवर जाते म्हणतो, हे बाहेरगावच्या वाचकांसाठी.

माझ्या लहानपणी पोरं पाठीला रिकामा डबा बांधून गंगेतच पोहायला शिकली. दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं यावर पुराचा अंदाज. गुडघ्याला आलं की भांडीबाजारातले दुकानदार माल हलवायला लागत. अजूनही तेच चालतं, फक्त आता मारुतीचा फोटो मोबाईलवर आधी येतो.

तुम्ही खूण विचारलीत म्हणून सांगते. २००३ च्या सिंहस्थाच्या वेळी घाट रुंद केले, कुंडांचे तळ काँक्रीटने बंद केले. त्याआधी रामकुंडाच्या आसपास वेगवेगळी कुंडं होती, त्यांना नावं होती, आणि उन्हाळ्यात धरणातून पाणी सुटलेलं नसतानाही काहींत तळातून पाणी यायचं. आईला कुठल्या कोपऱ्यात पाणी गार लागतं ते पाठ होतं. काँक्रीट झालं आणि सगळी एकच मोठी टाकी झाली. मग लोक कोर्टात गेले, वर्षानुवर्षं भांडले, आणि काही कुंडांतलं काँक्रीट निघालं. तिथे झरे पुन्हा दिसले तेव्हा मी मुद्दाम पाय घालून बसले होते. गार लागलं. माझ्यासाठी खूण ही.

सगळं काँक्रीट मात्र निघालेलं नाही. आणि २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलाय, म्हणजे पुन्हा घाट, पुन्हा सिमेंट. झालेलं काम उलटं फिरायला किती वेळ लागतो ते या गावाने पाहिलंय.

तिरकस

लेख भावनिक आहे, पण एक शंका. ‘मी महादेव कोळी’ हे सुरुवातीलाच सांगायची गरज काय? नदी सगळ्यांची आहे. पुरोहित म्हणतात आमची, आता आदिवासी म्हणतात आमची. घाण मात्र कुणाचीच नाही.

आणि वरच्या गावांत सगळं आलबेल आहे असंही नाही. ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारताना मी स्वतः पाहिलंय, गंगापूरच्या बॅकवॉटरला. तिथे आसरा कुठे गेल्या होत्या?

रसायनी_आजोबा

तिरकस, शेवटचा मुद्दा बरोबर, पहिला नाही. पण त्याचं उत्तर धागाकर्ते देतील. मी माझ्या विषयावर बोलतो. आयुष्यभर पाण्याचे नमुने तपासले, आता निवृत्त आहे.

अंघोळीच्या पाण्याला निकष असा: बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत, विरघळलेला ऑक्सिजन ५ च्या वर, आणि विष्ठेतले जंतू १०० मिलिलिटरमागे ५०० पर्यंत, फारतर २५००. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जंतू जो ऑक्सिजन खातात तो. सांडपाणी आलं की हा आकडा वाढतो आणि माशाच्या वाट्याचा ऑक्सिजन कमी होतो. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे होते, त्यांतले ५३ एकट्या महाराष्ट्रात, राज्यांत सर्वांत जास्त. सोमेश्वरापासून खालची गोदावरी त्या यादीत आहे. सोमेश्वराच्या वरची नाही, हे लक्षात घ्या. म्हणजे नदी त्र्यंबकहून आजारी येत नाही, नाशकात आजारी पडते. (त्र्यंबक गावातली गोष्ट वेगळी. तिथे नदीवर स्लॅब टाकलाय, खालून काय वाहतं ते न बोललेलं बरं.)

मासे पहाटेच का मरतात ते सांगतो, कारण यावर नेहमी ‘विषप्रयोग’ अशी बातमी येते. दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडतं, रात्री तेच शेवाळ ऑक्सिजन ओढून घेतं. पाण्यात सांडपाणी असेल तर जंतूही खातच असतात. पहाटे चार-पाचला ऑक्सिजन सगळ्यात कमी. मासे वर येऊन तोंडं उघडतात आणि उजाडेपर्यंत उलटे होतात. अकरा वाजता नमुना घेणारा पोचतो तेव्हा ऊन पडलेलं असतं आणि ऑक्सिजन बऱ्यापैकी चढलेला असतो. अहवाल चांगला येतो, मासे मेलेलेच असतात.

म्हणूनच तुमच्या आजीची रीत मला पटते. आमचा नमुना त्या घटकेचं सांगतो. दगडाखालचा जीव तिथे महिनोन्‌महिने राहतो. रात्री दोनला नाल्यात कुणी टँकर रिकामा केला तर तो माझ्या बाटलीत येत नाही, पण खेकडा तिथून जातो आणि परत यायला हंगाम लागतो. लाल अळ्यांचंही बरोबर आहे. त्या अगदी कमी ऑक्सिजनमध्ये जगतात, त्यांच्या रक्तातच तशी सोय आहे. नुसत्या त्याच उरल्या की समजायचं.

मेघना_सिडको

माझी खूण नंदिनी. तीच जुनी नासर्डी, नाव बदललं. अंबड-सातपूरकडून येते, आमच्या पुलाखालून जाते. समर्थ रामदासांनी टाकळीला याच नंदिनीच्या संगमात उभं राहून १२ वर्षं पुरश्चरण केलं असं सांगतात. आज कुणी १२ मिनिटं उभं राहून दाखवावं.

पूर्वी पाण्याला रंग असायचा, कधी लालसर, कधी निळसर. हल्ली रंग क्वचित दिसतो, वास मात्र तोच. म्हणजे कारखान्याचं कमी झालं असेल, आमच्या घरांचं नाही. बगळे वाढलेत, पण ते बहुधा कचऱ्यावर. याला सुधारणा म्हणायचं का माहीत नाही बाई.

निफाडचा_बागाईतदार

नाशिककर धुतात आणि आम्ही पितो, एवढाच आमचा गोदावरीशी संबंध उरलाय.

आमच्याकडची खूण पाणवेली. तुमच्या सांडपाण्यातलं नत्र-स्फुरद खाऊन त्या फोफावतात आणि वाहत आमच्याकडे येतात. पावसाळ्यात सायखेड्याच्या पुलाला त्यांचा असा बंधारा होतो की पाणी पुलावरून जायला बघतं आणि चांदोरी-सायखेड्यात घुसतं. मग यंत्रं लावून पाणवेली काढतात, काठावर टाकतात, पुढच्या पाण्याला त्याच परत नदीत. त्याच्या खाली नांदूरमध्यमेश्वर, रामसर यादीत, म्हणजे पाणथळ जागांच्या जागतिक यादीत, आलेलं राज्यातलं पहिलं ठिकाण. पक्षी बघायला तुम्हीच गाड्या भरून येता. पाणी कुणाचं येतं तेही बघत जा.

चांदोरीला नदीच्या पात्रात जुनी मंदिरं आहेत, पाणी उतरलं की उघडी पडतात. आमचे लोक तेव्हा दर्शनाला जातात. गेल्या खेपेला गाभाऱ्याजवळ पाणवेलींचा हातभर कुजका थर होता. खराट्याने सरकवून देवाला वाट केली.

हरसूलची_लेक

पहिल्यांदाच लिहितेय, सांभाळून घ्या. मी कोकणा आदिवासी. आमचं पाणी पश्चिमेला जातं, गोदावरीत नाही. पण नर्सिंगच्या निमित्ताने नाशकात असते आणि त्र्यंबकवरूनच येणं-जाणं.

तिरकसदादा, ‘आमची’ म्हणणं आणि मालकी सांगणं यात फरक आहे. ब्रह्मगिरीवर मेटघर किल्ल्याचे पाडे आहेत. नदीचा उगम म्हणून जग तिथे येतं. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी फेरीला केवढी गर्दी असते! आणि त्याच डोंगरावरच्या बाया उन्हाळ्यात एका हंड्यासाठी विहिरीच्या कपारीला पाय लावून खाली उतरतात. त्यांचे फोटो दर वर्षी पेपरात येतात. नदीचं पहिलं पाणी ज्यांच्या अंगणात पडतं त्यांनाच प्यायला नाही. डोंगर पोखरून रिसॉर्ट आणि प्लॉट पाडले की झरे आटतात, हे त्यांना कुठल्या अहवालात वाचावं लागत नाही.

कायद्यानेही यांचं काहीतरी आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३ मध्ये सामूहिक हक्कांत मासे आणि पाणवठ्यातली इतर उपज स्पष्ट लिहिलीये. पेसामुळे, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांच्या कायद्यामुळे, गावाच्या लहान पाणवठ्यांबद्दल बोलायचा अधिकार ग्रामसभेला आहे. त्र्यंबक, पेठ, सुरगाणा, इगतपुरी हा भाग त्यातच येतो. तरी धरण झालं की मासेमारीचा ठेका निघतो आणि काठावरचा माणूस जाळं घेऊन गेला तर तो चोर ठरतो. माझ्या मामाचं जाळं असंच काढून घेतलं होतं, कुठल्या धरणावर ते सांगत नाही.

डोंगरकोळी

सगळ्यांचे आभार. क्रमाने लिहितो.

तिरकस, जात सांगितली ती हक्क दाखवायला नाही. दगड उलटायची ही रीत कुठून आली ते सांगायला सांगितली. ब्लीचिंग पावडरचं तुम्ही म्हणता ते खरं आहे आणि ते करणाऱ्यांत आमच्याही गावची पोरं आहेत. जुनी माणसं उन्हाळ्यात गेळाची फळं ठेचून डबक्यात टाकत, मासा गुंगून वर येई. पण तेही कधीही, कुणीही, कुठेही करायचं नाही. गाव ठरवायचं, डबकं ठरलेलं असायचं, वाहतं पाणी नाही आणि आसरांचा डोह तर नाहीच. पावडरला गावाला विचारावं लागत नाही, दुकानात दहा-वीस रुपयांत मिळते. आसरा कुठे गेल्या म्हणता, तर जिथे ठेका गेला, गावाचा शब्द गेला, तिथून त्याही गेल्या. जिथे डोह अजून गावाच्या ताब्यात आहे तिथे राखण आहे. हे आमच्याकडेच आहे असंही नाही. महाडकडे काळ नदीवर वाळणकोंड आहे, तिथे वरदायिनीचे म्हणून महासीर मासे राखलेत. लोक चुरमुरे टाकतात, धरत कुणी नाही.

आजोबा, पहाटेच्या ऑक्सिजनचं प्रिंट काढून कंपनीच्या कॅन्टीनमध्ये लावणार आहे.

मावशी, गार पाण्याचं तुम्ही लिहिलंत ते सगळ्यात जास्त आवडलं. ते आमच्या रीतीतलंच आहे. गेल्या पावसानंतर मी सोमेश्वरपासून खाली थोडं थोडं चालत दगड बघत गेलो, वेगवेगळ्या दिवशी. आनंदवलीच्या वर लहान खेकडे मिळाले, चांगले चपळ. पुढे नाले मिळायला लागले की खेकडे संपतात, गोगलगाई उरतात, मग तपोवनाच्या खाली नुसत्या अळ्या. एके ठिकाणी मात्र, घाटाच्या खाली, नाल्याचं तोंड बंद करून ड्रेनेजला जोडलंय तिथे, दगडाखाली दोन झिंगे होते. दोनच. तिथे पूर्वी हात घालायची सोय नव्हती. म्हणून ‘सुधारतेय’ हा शब्द मी अगदी खोडून टाकत नाही. नाला अडवला तेवढ्या तुकड्यापुरता तो खरा आहे, रामकुंडाच्या फोटोपुरता नाही.

निफाडदादा, तुमच्यापर्यंत मी पोचलेलो नाही, पण तुमचा राग रास्त आहे.

तिरकस

जात वगैरेवर अजून पूर्ण पटलेलं नाही, पण झिंग्यांचं लिहिलंय ते ठिकाण सांगा की. खरंच जाऊन बघतो.

डोंगरकोळी

उघड सांगत नाही, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. इथे लिहिलं तर रविवारी वीस जण जाऊन दगड उलटे करतील आणि सरळ कुणी ठेवणार नाही.

रसायनी_आजोबा

मीही येतो. ऑक्सिजन मोजायचं जुनं किट घरात पडून आहे, रसायनं नवी घ्यावी लागतील. पण पहाटे पाचला यावं लागेल, नऊला नाही.

मेघना_सिडको

पाचला?? आजोबा, मी सहापर्यंत पोचेन. नंदिनीवरही घ्या ना एक माप. पुलाखाली उतरायला वाट आहे, गमबूट लागतील.

पंचवटीकर_मावशी

मला गुडघ्यांमुळे खाली उतरणं जमायचं नाही. परत येताना घरी या सगळे, चहा आणि मिसळ माझ्याकडे. निफाडच्यांनाही सांगा, त्यांनी नुसतं भांडू नये.

निफाडचा_बागाईतदार

मी येतो, पण एक बाटली सायखेड्याच्या पाण्याची घेऊन येईन. तीही मोजायची. आणि मिसळ आमच्याकडे जास्त तिखट असते, हे आधीच सांगून ठेवतो.

हरसूलची_लेक

माझी त्या दिवशी नाईट आहे, साडेसातला सुटेन, मग सरळ मावशींकडे येते. डोंगरकोळी, दगड बघायचं पावसाच्या तोंडाला ठेवू नका, पिल्लं घातलेल्या माद्या असतात. दिवाळीनंतरचं ठरवा. आमच्याकडे वाघबारस, म्हणजे वाघदेवाची पूजा, आणि दिवाळी झाली की मग मी मोकळी.

डोंगरकोळी

बरोबर, तसंच करू. वाघबारस आणि दिवाळी झाल्यानंतरचा पहिला रविवार. आजोबा, रसायनांचा खर्च किती येईल ते लिहा, वर्गणी काढू. आणि तिरकस, तुमच्याकडे गाडी असेल तर सिडकोवरून मेघनाताईंना घेऊन या, त्या भागात पहाटे रिक्षा मिळत नाही.